बिनजुळ्यांचा चौक

सोमा,

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. हेडमास्तरांनी शाळेच्या हस्तलिखितासाठी तुझ्यावर दोन शब्द लिहायला सांगितलेत. सांगितलेत म्हणजे काय, त्यांनी एक कागदच तयार करून दिला. जन्म अमुक गावी, फायनल अमुक साली, नोकरी अमुक अमुक शाळांत, स्वभाव मनमिळाऊ. म्हणाले, "मिस्त्री, गाळलेल्या जागा तेवढ्या भरा." दोन दिवस मी तो कागद घेऊन बसलो. तुझी जन्मतारीख तुझ्या आईलाही ठाऊक नाही. शाळेत घालताना मास्तरांनी जी टाकली ती तुझी. आणि मनमिळाऊ तर तू मुळीच नव्हतास. माझ्याशी दहा वर्षं भांडलास, तेही त्रिकोणांवरून. कागद मी परत केला. आता हे जे लिहितोय ते हस्तलिखितात घ्यायचं की चुलीत घालायचं, ते त्यांचं त्यांनी बघावं.

मी थकलोय रे. हात थकलेत, डोळे तर त्याहून. लिहायला बसलो की वाटतं, त्यापेक्षा एखाद्या कपाटाची बिजागरी बसवून टाकावी, त्यात निदान विचार तरी करावा लागत नाही. पण तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सांगितल्याशिवाय हातात करवत धरवत नाही.

आपली पहिली गाठ पडली ते वर्ष संस्थान विलीन झाल्याचं. सुतारशाळेतून उचलून मला या शाळेत हस्तव्यवसायाचा शिक्षक करून बसवलं होतं आणि पहिले तीन महिने मी फक्त पाट्या काढत होतो. जुनी पाटी उतरवायची, तिच्यावरचं 'जव्हार संस्थान' रंध्याने तासायचं आणि त्याच फळीवर 'जिल्हा ठाणे' लिहायला रंगाऱ्याकडे द्यायची. सागवान जुनं, एक नंबरचं. तासताना जीवावर यायचं. अशा दिवसांत तू आलास, बगलेत फळ्यावरचा मोठा गुण्या घेऊन. अंगात नवा सदरा, पाय धुळीने भरलेले. नव्याने लागलेला सूर्यमाळेकडचा मास्तर म्हणून तुझं नाव कानावर आलं होतं.

"मिस्त्री, हा गुण्या तुम्ही केलात?"

"मीच. का?"

"गुणी नाही तो."

माझ्या तोंडावर! वीस वर्षं संस्थानचं काम केलेला माणूस मी. दरबाराच्या दारांना माझा हात लागलेला. तू खडू घेतलास, गुण्या फळीच्या काठाला लावून एक उभी रेघ ओढलीस. मग गुण्या उलटा केलास, त्याच जागेवरून दुसरी रेघ ओढलीस. खाली दोन्ही रेघा एक होत्या. वर टोकाला दोघींच्या मधे केस जाईल एवढी फट होती. मी म्हटलं, केसाने काय होतं? तू म्हणालास, "पोरांना काटकोन शिकवायचाय ना, मग काटकोनच पाहिजे." तुला तेव्हाच हाकलायला हवं होतं. पण मी गुण्या ठेवून घेतला, दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून दिला, आणि तू चहा प्यायला थांबलास.

मग तुझी खोड सुरू झाली. तुला वर्गासाठी गुण्ये हवे होते, फळ्यासाठी मोठा, पाटीसाठी लहान, मधले चार-पाच. सगळे एकाच जातीचे, एक काटकोन आणि त्याच्या दोन्ही बाजू सारख्या. मी चौरस फळी घेऊन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत करवत चालवली आणि दोन गुण्ये तुझ्या हातात ठेवले. तू ते एकावर एक ठेवून पाहिलेस आणि तोंड वाकडं केलंस.

"हे तर जुळे निघाले."

"चौरस कापला की जुळेच निघणार."

"सगळी फळी वापरायची, चिपाटभर वाया घालवायची नाही, आणि एकही जुळं निघायला नको. प्रत्येक गुण्या वेगळ्या मापाचा. असं कापता येईल?"

मी म्हटलं, नाही. पहिला काप मारला की जुळं आलंच. एकाचे आणखी तुकडे केले तर ते पुन्हा मधोमध कापणार, पुन्हा जुळं. सरळ गोष्ट होती. तू मान हलवलीस आणि गेलास. वाटलं, मिटलं. आठ दिवसांनी बाजाराच्या दिवशी आलास तो चार कागद घेऊन.

तेव्हापासून आपला नेम ठरला. तू आकृती आणायचीस, मी तिचे तुकडे पुठ्ठ्यातून कापायचे, एकावर एक ठेवून बघायचे, आणि जुळं सापडलं की तुझ्यासमोर टाकायचे. सापडायचंच. कधी मोठं जुळं, कधी कोपऱ्यात दडलेलं बारीक. तू हिरमुसायचास, मी मनातून खूश व्हायचो. खोटं कशाला बोलू? माझी बायको म्हणायची, "त्या पोरक्या मास्तराला जरा जेवू तरी घाला, आल्या आल्या त्याची चूक काय काढता?" तू पोरका नव्हतास, आई होती तुला. पण तुझ्याकडे बघून बायांना तसंच वाटायचं.

तुझी बदली सूर्यमाळेला झाली तेव्हा मी म्हटलं, सुटलो. तुझ्याच गावी एकशिक्षकी शाळा, तुला काय बारा महिने काम. पण उन्हाळ्यात तिथे शाळा भरायचीच नाही, सगळी पोरं पाण्याच्या मागे. तूही आईबरोबर झिऱ्यावर बसायचास. खड्ड्यात पाणी झिरपून हंडा भरेल एवढं साचेपर्यंत दोन-दोन तास, हातात काटकी, समोर माती. तुझे अर्धे त्रिकोण त्या झिऱ्याच्या काठी निघाले, हे तू मला सांगितलंस तेव्हा हसत होतास. मला हसू आलं नव्हतं. आमच्या जव्हारात निदान तळ्याला पाणी असतं.

खरी गंमत त्या पुढच्या वर्षी झाली. पोरांना चौरस शिकवायला तू जमिनीवर चौरस काढलास आणि म्हणालास, आता रेघ मारून याचे दोन तुकडे करा. एकही पोर हलेना. तू रागावलास. शेवटी एक मुलगी पुटपुटली, "गुरुजी, चौक मोडत नाय." त्यांच्या डोळ्यांसमोर लग्नातला चौक, भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने लिहितात तो. त्याच्यात देवी बसते. तो मोडायचा नसतो. आणि तू त्याच पाड्यातला, त्याच चौकासमोर तुझ्या बहिणीचं लग्न लागलेलं, आणि तुझ्याही ध्यानात आलं नव्हतं! चार यत्ता शिकून आपण चौकाला चौरस म्हणायला लागलो आणि त्यावर करवत चालवायला निघालो, असं तू मला म्हणालास. ते सांगताना तुझा चेहरा उतरला होता.

तू त्या पोरीला विचारलंस, मोडत नाहीत तर काय करतात? ती म्हणाली, "भरतात."

त्या एका शब्दावर तू सूर्यमाळेहून मोखाड्यापर्यंत चालत आलास, तिथून मोटारीने जव्हारला, आणि माझ्या दारात उभा राहून पाणीसुद्धा न मागता म्हणालास, "मिस्त्री, आपण कापत होतो. तिथेच चुकत होतं. कापलं की जुळी होतात. आता कापायचं नाही, भरायचं. लहान तुकड्याशेजारी दुसरा, त्याच्याशेजारी तिसरा, भरत भरत चौक पुरा करायचा." मी म्हटलं, दोन्ही एकच. तू म्हणालास, तुम्ही सुतार म्हणून तुम्हाला एकच वाटतं. मला राग आला होता, पण ते खरं होतं. माझ्यासमोर जन्मभर फळी आली ती कापण्यासाठीच.

त्यानंतर तुझ्या आकृत्या बदलल्या. चौकटीच्या कागदावर यायला लागल्या. काही त्रिकोण आखूड बाजूवर ताठ उभे, काही लांब बाजूवर आडवे पसरलेले. तू त्यांना नावंही ठेवलीस, उभे आणि निजलेले. जुळी कमी झाली, पण एखादं निघायचंच. एकदा मी सूर्यमाळेला आलो होतो तेव्हा तुझ्या आईने तो कागद पाहिला आणि म्हणाली, "ह्यो चौक कुनाच्या लगनाचा रं?" तू म्हणालास, "मिस्त्रीच्या." ती इतकी हसली की चुलीवरची नागलीची भाकरी करपली. तीच करपलेली भाकरी मला वाढली होती, हे मी अजून विसरलेलो नाही.

आता मुद्द्यावर येतो. तेच टाळत होतो.

गेल्या माघात तू आलास तेव्हा कागदावर सतरा तुकडे होते. तू नेहमीसारखा बडबडत नव्हतास. चैत्रात तालुक्यातल्या सगळ्या शिक्षकांची बैठक होती आणि हेडमास्तरांनी तुला तिथे अर्धा तास देऊ केला होता. तुझं म्हणणं, मिस्त्रींनी तपासून हो म्हटलं तरच मांडीन, नाही तर नाही. तुला तिथे 'डोंगरातला मास्तर' म्हणायचे, हे मला माहीत होतं. तुझ्या बोलण्यातला 'नाय' ऐकून कोण कोण हसायचं तेही माहीत होतं. त्या सगळ्यांसमोर एकदाच, स्वतःचं असं काही ठेवायचं तुझ्या मनात होतं. दहा वर्षांत तू माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाहीस.

मी पुठ्ठा काढलाच नाही. त्या दिवशी एका लग्नाचा पलंग पुरा करून द्यायचा होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, पाठ धरली होती. कागद उजेडाकडे धरला आणि बोट ठेवलं.

"हे बघ जुळं. हा उभा, त्याची बाजू सात घरं. आणि हा निजलेला, लांब बाजू दहा."

"मग?"

"मग काय? निजलेल्याच्या मधोमध रेघ काढ, पाच आणि पाच. पाचाला सात. म्हणजे याचीही आखूड बाजू सातच. सात आणि सात, जुळं."

पाचाला सात. चौरसाची बाजू पाच तर तिरपं माप सात. हे मला माझ्या बापाने शिकवलं, त्याला त्याच्या बापाने. या गावातली निम्मी दारं, चौकटी, पलंग त्याच मापावर उभे आहेत आणि कुणाचं दार आजवर अडलेलं नाही.

तू हळूच म्हणालास, "मिस्त्री, उभा आणि निजलेला कधी जुळे होतच नाहीत. पाच पाचे पंचवीस, दोन्ही मिळून पन्नास. आणि सात साते एकोणपन्नास. एक उरतो."

"उरू दे. रंध्याच्या एका हातात जातो तो."

"लाकडातून जातो. आकड्यातून कुठे जाणार?"

मी कागद तुझ्या हातात दिला. म्हटलं, "जुळं आहे, सोमा. मला काम आहे." तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता भांडशील. मी तयारच होतो. पण तू कागदाची घडी घातलीस, वहिनींना येतो म्हणून सांगा म्हणालास आणि दुपारच्या मोटारीने गेलास. चहा घेतला नाहीस.

चैत्रातल्या बैठकीत तू शेवटच्या बाकावर होतास. हेडमास्तरांनी विचारलं, "सोमा गुरुजी, तुमचं काही होतं ना?" तू उभा राहून म्हणालास, "तपासणीत जुळं निघालं. अजून झालेलं नाही." कुणाला काही कळलं नाही. जुळं म्हणताच एकजण म्हणाला, "कुणाकडे हो गुरुजी, मुलगा की मुलगी?" आणि सगळे हसले. मीही हसलो, सोमा. सगळे हसत होते म्हणून हसलो. आजपर्यंत हे कुणाला सांगितलं नाही.

वैशाखात तुला ताप भरला. मोखाड्याला आणेपर्यंत तू गेला होतास. मला निरोप दुसऱ्या दिवशी मिळाला. तुझ्या सामानात दोन सदरे, हजेरीची वही आणि कागदांचं एक बाड निघालं. बाड माझ्याकडे आलं, कारण त्यावर तुझ्या अक्षरात 'मिस्त्रींना दाखवलेले' असं लिहिलं होतं. सतरा तुकड्यांचा कागद सगळ्यात वर होता.

परवा तो घेऊन बसलो. आधी पुठ्ठा कापला, सवयीने. उभ्यावर निजलेला ठेवला. माझ्या डोळ्यांना दोघांत काही फरक दिसेना. मग पुठ्ठा बाजूला सारला आणि कागदावरची घरं मोजली. एखादं पोर मोजेल तशी, बोट ठेवून. उभ्यात साडेचोवीस घरं. निजलेल्यात पंचवीस. पुन्हा मोजली. अर्धं घर. उंदराच्या कानाएवढं अर्धं घर, पण होतं. मग बाकीचे पंधरा मोजले, उभे उभ्यांशी आणि निजलेले निजलेल्यांशी ताडून. एकही जुळं नाही. चौक पुरा भरलेला, चिपाटभर वाया नाही. चूक कुठे होती तर ती माझ्या पाचाला सातमध्ये होती.

दिवसभर काही काम केलं नाही. बायकोने विचारलं, बरं नाही का? म्हटलं, बरं आहे.

काल सूर्यमाळेला गेलो. या वयात ती चढण म्हणजे जीव घशाशी येतो. तुझी आई झिऱ्यावर होती, चार बायांच्या मागे नंबर लावून. मी तिच्या शेजारी दगडावर बसलो, कागद उघडला आणि सांगितलं की हे सोमाने केलं होतं आणि हे बरोबर आहे. उभा-निजलेला, साडेचोवीस-पंचवीस, सगळं सांगत बसलो. तिने कागदाकडे पाहिलंही नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"मंग, बरोबर व्हता त्याचा?"

"हो."

"तो बोलला व्हता मला."

"काय बोलला होता?"

"त्या दिशी आला, जेवला, आन बोलला, आये, मिस्त्रीला समाजलाय. मी बोललू, मंग हो कां नाय बोलला? तं तो बोलला, दमलाय तो. आज त्याचेशी भांडाचा नाय. आपसूक बोलंल. मी थांबतंव."

बायांपैकी एकीचा हंडा भरला, ती उठली. नंबर पुढे सरकला, तुझी आई सरकली, मीही सरकलो. दहा वर्षं तू माझ्याशी केसाकेसावरून भांडलास आणि ज्या एका दिवशी भांडायला हवं होतं त्या दिवशी माझ्यावर दया केलीस. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तू माघात थांबलास, फाल्गुनात थांबलास, भर बैठकीत उभा राहून माझी चूक स्वतःच्या नावावर घेतलीस आणि तरीही थांबलास. आणि मी तुझ्या पुढच्या बाकावरून हसलो.

तिने पुन्हा विचारलं, "खराच समाजला व्हता तुला? त्या दिशी?"

घरं मी परवा मोजली, हे खरं आहे. तेच तिला सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं होतं. मोजल्यावर कळलं, आधी माहीत नव्हतं, असं सांगितलं असतं तर तिने मानलं असतं. तुझ्या आईने माझं कुठलं बोलणं आजवर खोटं धरलेलं नाही. पण हे खोटंच झालं असतं.

मी म्हटलं, "हो. 'एक उरतो' म्हणाला तेव्हाच समजलं होतं."